नाशिकच्या वाईनचं नाव झालं, पण बागेतल्या शेतकऱ्याच्या हाती काय पडतं?

डिसेंबर ते मार्च या काळात इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येते. मागे हिरव्यागार वेलींच्या रांगा, लांबवर गंगापूर धरणाचं पाणी, टेबलावर दोन ग्लास आणि खाली कॅप्शन, ‘भारताचा नापा’. नापा म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधलं वाईनसाठी जगभर गाजलेलं खोरं. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवार गाठून नाशिकला वाईन प्यायला जाणं आता लोणावळा-महाबळेश्वरला जाण्याइतकं सवयीचं झालंय.

त्याच महिन्यांत त्याच जिल्ह्यातून दुसऱ्याही बातम्या येत असतात. अवकाळीनं द्राक्षबाग भुईसपाट केली. व्यापारी माल उचलून पैसे न देताच पसार झाला. लासलगावात कांद्याचे भाव पडले आणि शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला.

एकाच जिल्ह्यातून, एकाच हंगामात इतक्या वेगळ्या गोष्टी कशा काय येतात? वाईनमुळे नाशिकचा शेतकरी खरंच श्रीमंत होतोय का? आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यावरून २०२२ मध्ये जो राडा झाला, त्यात ज्या शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजू घेत होत्या, त्याचा नेमका फायदा किती होता? नीट समजून घेऊया.

नाशिकमध्ये नक्की पिकतं काय?

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की शेती तीनदा बदलते.

पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा. सह्याद्रीचा घाटमाथा, धो-धो पाऊस आणि मोठ्या संख्येनं आदिवासी वस्ती. इथं भात, नागली म्हणजे नाचणी, वरई, खुरासणी ही पिकं. इगतपुरी तालुक्यातलं घोटी हे तांदळाच्या गिरण्यांसाठी ओळखलं जातं.

मध्ये नाशिक, दिंडोरी, निफाड. गोदावरी आणि कादवा या नद्या, धरणं, कालवे आणि काळी कसदार जमीन. द्राक्षं, टोमॅटो, भाजीपाला हा सगळा पट्टा इथला. पिंपळगाव बसवंत, ओझर ही नावं द्राक्ष आणि टोमॅटोच्या व्यापारात ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही.

पूर्वेला आणि उत्तरेला येवला, नांदगाव, मालेगाव, देवळा, बागलाण. पाऊस कमी, म्हणून कांदा, मका, बाजरी, डाळिंब. निफाड तालुक्यातलं लासलगाव ही या सगळ्या भागातल्या कांद्याची मोठी बाजारपेठ. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅगही मिळाला.

वाईन येते ती मुख्यतः मधल्या पट्ट्यातून. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारवा असतो. या फरकामुळे द्राक्षात साखर भरते, पण आंबटपणाही टिकून राहतो. चांगल्या वाईनला हे दोन्ही लागतं.

वाईन इथं आली कशी?

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात नाशिकमध्ये झाली नाही. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला इंडेज कंपनी उभी केली आणि तिथली फसफसणारी वाईन परदेशातही गेली.

नाशिकचा नंबर लागला १९९० च्या दशकात. राजीव सामंत अमेरिकेतली ओरॅकलमधली नोकरी सोडून परत आले, गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर त्यांनी सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या वाईनच्या जातींची लागवड केली. २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. कंपनीचं नाव त्यांच्या आई सुलभा यांच्या नावावरून ठेवलेलं आहे.

लगेच २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून बनलेल्या वाईनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. ‘द्राक्षाला भाव नाही, तर वाईन करा’ असा तो काळ होता. अनेक शेतकऱ्यांनी कर्ज काढून वायनरी टाकल्या, अनेकांनी खायच्या द्राक्षांच्या बागा मोडून वाईनच्या जाती लावल्या.

मग २००८ उजाडलं. जागतिक मंदी आली, वर्षाच्या शेवटी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा खप बसला. टाक्यांमध्ये वाईन पडून राहिली. कंपन्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं किंवा भाव पाडले. नारायणगावची इंडेज कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. विंचूरमधल्या अनेक छोट्या वायनरींना टाळं लागलं आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली मुळासकट उपटून टाकल्या.

जे टिकले ते पुढे मोठे झाले. दिंडोरीत फ्रेंच समूहाची ‘शांदों’ आली, इगतपुरीकडे ‘ग्रोव्हर झाम्पा’ आणि ‘व्हॅलोने’ उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला जीआय मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात दाखल झाली. पण २००८-०९ च्या त्या दोन वर्षांत जे घडलं, त्यातच या धंद्यातली खरी मेख दडलेली आहे.

खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं

सोशल मीडियावर एक समज सर्रास दिसतो. शेतकऱ्याचं द्राक्ष विकलं गेलं नाही, तर त्याची वाईन करायची, प्रश्न मिटला. पण असं होत नाही.

आपण खातो ती थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. मणी लांब आणि टपोरे व्हावेत म्हणून घड संजीवकाच्या द्रावणात बुडवतात, मजूर लावून मण्यांची विरळणी करतात. दिसायला देखणं, खायला करकरीत द्राक्ष तयार करणं हा सगळा खर्च आणि कष्ट.

वाईनची द्राक्षं म्हणजे शिराझ, कॅबर्ने, झिनफांडेल, शेनिन. मणी बारका, साल जाड, आत बिया. रंग आणि चव सालीतून येते, म्हणून साल जाड लागते. साखर खायच्या द्राक्षापेक्षा बरीच जास्त भरू द्यावी लागते. देखणेपणाशी काही घेणं-देणं नाही. त्यामुळे औषधं आणि मजुरीचा खर्च कमी, पण एकरी उत्पादनही बरंच कमी.

आता मेख बघा. शरद सीडलेस व्यापाऱ्यानं नाकारलं, तर शेतकरी ते दुसऱ्या व्यापाऱ्याला देईल, रस्त्याच्या कडेला गाडीवर विकेल, अगदीच काही नाही तर बेदाणा करेल. शिराझ कंपनीनं नाकारलं तर? त्याला बाजार समितीत गिऱ्हाईक नाही. कुणी किलोभर शिराझ घरी खायला नेत नाही. ज्या कंपनीशी करार, तीच एकमेव गिऱ्हाईक. २००९ मध्ये वेली उपटाव्या लागल्या त्या याच कारणानं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्या कंपन्या शेतकऱ्यांशी दहा-बारा वर्षांचे करार करतात. जात आणि साखरेच्या प्रमाणानुसार दर ठरतो, पैसे खात्यात येतात. खायच्या द्राक्षाच्या धंद्यात मात्र परराज्यातला व्यापारी येतो, थोडे पैसे हातावर ठेवतो, बाकीचा चेक देतो आणि गायब होतो, असं वर्षानुवर्षं घडलंय. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना असे बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी खास मोहीम काढावी लागली होती.

म्हणजे वाईनचा करार हा लॉटरी नाही, तो पगारासारखा आहे. रक्कम मर्यादित, पण वेळेवर मिळते. फक्त मालक एकच असतो आणि तो अडचणीत आला की पगारही बंद होतो.

एका बाटलीचं गणित

७५० मिलीची एक बाटली भरायला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. समजा, शेतकऱ्याला किलोला ५० रुपये मिळाले. म्हणजे एका बाटलीमागे त्याच्या हाती ६२-६३ रुपये. समजा, ती बाटली दुकानात ८०० रुपयांना विकली गेली. शेतकऱ्याचा वाटा झाला जेमतेम आठ टक्के. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. जात आणि ब्रँडप्रमाणे ते बदलतात, पण चित्र साधारण असंच राहतं. बाटली जितकी महाग, तितका द्राक्षाचा वाटा कमी.

बाकीचे पैसे सगळे कंपनीच्या खिशात जातात, असंही नाही. काचेची बाटली, बूच, लाकडी पिंपं, थंड टाक्यांची वीज, महिनोन्महिने पडून राहणाऱ्या मालावरचं व्याज, वितरक आणि दुकानदाराचं कमिशन, परवाने, कर. महाराष्ट्रात वाईनवर २० टक्के व्हॅट आहे आणि त्यातला १६ टक्के परत देण्याची योजना राज्य सरकार चालवतं. मधल्या काळात हा परतावा रखडला होता. २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं योजना पुढं चालू ठेवायचा निर्णय घेतला.

जगात जिथं जिथं वाईन पिकवणारा शेतकरी सुखी आहे, तिथं तो बहुतेक वेळा फक्त द्राक्ष विकत नाही. तो स्वतःची वाईन काढतो, बागेतच विकतो, पाहुण्याला जेवू घालतो, खोली भाड्यानं देतो. सव्वा किलो द्राक्षाच्या ६२ रुपयांपलीकडचे पैसे तिथंच आहेत. नाशिकच्या करार शेतकऱ्याच्या वाट्याला नेमका तोच भाग येत नाही.

मग सुपरमार्केटच्या वादाचं काय?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि दुकानांमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकायला परवानगी. शाळा आणि धार्मिक स्थळांच्या जवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही, अशा अटी होत्या.

सरकारचं म्हणणं होतं की वाईन फळांपासून बनते, खप वाढला की शेतकऱ्याला फायदा होईल. विरोधात असलेल्या भाजपनं महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’ होतंय अशी टीका केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. वारकरी संघटना आणि व्यसनमुक्तीसाठी काम करणारे लोकही विरोधात उतरले. सरकारनं हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकारच बदललं आणि निर्णय काही अमलात आला नाही.

त्या वेळी एका बाजूला ‘शेतकरी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘संस्कृती’ असं भांडण रंगलं. पण एक साधा आकडा चर्चेत फारसा आलाच नाही. देशात पिकणाऱ्या एकूण द्राक्षांपैकी वाईनसाठी जाणारा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीची द्राक्षं खाल्ली जातात, बेदाणा होतात किंवा निर्यात होतात.

सोपं करून सांगायचं, तर १०० किलो द्राक्षांतली २ किलो वाईनला जातात. सुपरमार्केटमुळे वाईनचा खप थेट दुप्पट झाला असता, तरी ४ किलो गेली असती. उरलेल्या ९६ किलोंचा प्रश्न जिथल्या तिथंच राहिला असता.

याचा अर्थ तो निर्णय शेतकऱ्यासाठी बिनकामाचा होता असा नाही. करार असलेल्या शेतकऱ्यांसाठी खप वाढणं महत्त्वाचंच. नव्या करारांची वाटही त्यातूनच उघडते. पण ‘वाईनमुळे द्राक्ष उत्पादक वाचेल’ हे वाक्य आकड्यांवर टिकत नाही. आणि ‘वाईनला विरोध म्हणजे शेतकऱ्याला विरोध’ हेही टिकत नाही. दारूमुळे घरं उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या गावातल्या बाईला वाईन आणि दारू यातला फरक पटवून द्यायचा असेल, तर तिच्या काळजीला उत्तर द्यावं लागतं. शेतकऱ्याचं नाव पुढं करून ते उत्तर टळत नाही.

उरलेल्या ९६ किलोंचं दुखणं कुठं आहे?

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर येणाऱ्या काड्यांमध्ये पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होतो. त्यासाठी कडक ऊन लागतं. गोडी छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो. त्या वेळी पाऊस नको असतो.

आता नेमक्या याच दोन वेळा बिघडायला लागल्यात. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड भागात गारपीट झाली आणि घड धरलेल्या बागा झोडपून निघाल्या. २०२५ मध्ये मे महिन्यातच पावसानं मुक्काम ठोकला, म्हणजे घडनिर्मितीच्या वेळी उन्हाऐवजी ढग. बागेत एकरी काही लाखांचा खर्च आधी करावा लागतो, पीक हातात आलं नाही म्हणून तो परत मिळत नाही. वेलीवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालता येतं, पण त्यालाही एकरी लाखोंचा खर्च येतो.

निर्यातीचं गणित आणखी नाजूक. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यानं भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. त्यातून धडा घेऊन उभं राहिलेलं उदाहरण म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स. विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही शेतकऱ्यांचीच कंपनी आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांपैकी एक आहे. तिच्यात वाईनचा ग्लॅमर नाही, पण पॅकिंग, शीतगृह, प्रक्रिया आणि निर्यात शेतकऱ्यांच्याच कंपनीकडे आल्यानं त्यातला नफा शेतकऱ्यांकडे वळतो.

आणि कांद्याचं तर विचारूच नका. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती उठली ४ मे २०२४ रोजी. त्या पाच महिन्यांत नाशिकमधल्या किती घरांचं गणित बिघडलं, हे लोकसभेच्या निकालात दिसलं, असं अनेक विश्लेषकांनी लिहिलं. एका वाईन धोरणापेक्षा एका निर्यातबंदीचा परिणाम नाशिकच्या शेतावर कितीतरी जास्त होतो.

टेबलावर वाईन नाशिकची, खाणं कुठलं?

वाईन पर्यटनाची चर्चा पैशांपुरतीच नाही, ताटाचीही आहे. वाईन टेस्टिंगला गेलात तर सोबत साधारण काय येतं? चीज, ऑलिव्ह, पिझ्झा, पास्ता. यात चूक काही नाही, गिऱ्हाईक जे मागतं ते हॉटेल देतं. पण शंभर पावलांवर जे पिकतं, ते त्या टेबलावर क्वचितच दिसतं.

गंमत म्हणजे नाशिकमध्ये स्थानिक खाण्याच्या जोरावर चालणारं पर्यटन आधीपासून आहे, फक्त आपण त्याला पर्यटन म्हणत नाही. ते म्हणजे मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, वर कांदा-कोथिंबीर, सोबत पाव, दही आणि पापड. शहराबाहेरच्या शेतांमध्ये, द्राक्षांच्या मांडवाशेजारी मिसळीची हॉटेलं उभी राहिली आणि रविवारी सकाळी तिथं रांगा लागतात. जमीन स्थानिक, मालक बहुतेक वेळा स्थानिक, माल शेजारच्या बाजारातला. पर्यटकाचा पैसा गावात राहण्याचं यापेक्षा साधं मॉडेल शोधून सापडणार नाही. चिवड्याचंही तसंच. नाशिकहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत तो असतोच.

पण पश्चिमेकडचे तालुके या चित्रातून गायब आहेत. पेठ-सुरगाण्याची नागली, वरई, खुरासणीची चटणी, पावसाळ्यातल्या रानभाज्या. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरातल्या कॅफेंमध्ये नाचणीचे पॅनकेक आले. ती नागली जिथं उतारावर हातानं लावली जाते, तिथून तासा-दोन तासांवर वाईनसाठी पर्यटक येतात आणि तिला न चाखता परत जातात.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवी. याच आदिवासी पट्ट्यात मोहाची झाडं आहेत. मोहाच्या फुलांवरची गोळा करण्याची आणि वाहतुकीची बंधनं राज्य सरकारनं २०२१ मध्ये सैल केली. पण त्याच फुलाची घरी काढलेली दारू हा गुन्हा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून कायदेशीर वाट करून दिली. तसंच इथंही करावं का, यावर मतभेद असू शकतात. गावोगावच्या दारूबंदीच्या लढ्यात उतरलेल्या आदिवासी बायकांचं मत त्यात आधी विचारायला हवं. पण ‘शेतमालापासून बनलेलं पेय’ हा युक्तिवाद द्राक्षासाठी करायचा आणि मोहाचा विषयही काढायचा नाही, हे काही बरोबर वाटत नाही.

बाहेरून येणारी स्पर्धा

आतापर्यंत परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं. त्या भिंतीआड भारतीय वाईन वाढली. आता भिंत खाली येतेय. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियासोबतचा व्यापार करार लागू झाला. त्यानुसार पाच डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांवर जाणार आहे. १५ डॉलरपेक्षा महाग बाटलीवर ते ७५ टक्क्यांवर आलं, पुढे २५ टक्क्यांपर्यंत उतरेल. युरोपीय संघासोबतच्या वाटाघाटींमध्येही वाईनवरचं शुल्क हा कळीचा मुद्दा होता.

पिणाऱ्याला स्वस्त बाटली मिळेल, ही चांगलीच गोष्ट. पण हजार-दीड हजाराच्या नाशिकच्या बाटलीशेजारी त्याच किमतीत परदेशी बाटली आली, तर नाशिकची बाटली का घ्यायची? चव चांगली असावीच लागेल. पण खरं उत्तर आहे ‘नाशिक’ हे नाव. ही वाईन या गावची, या बागेतली, इथल्या या पदार्थासोबत प्यायची, ही ओळख ऑस्ट्रेलियातून आयात होत नाही.

म्हणजे ज्या स्थानिक गोष्टी आज वाईनच्या टेबलावरून गायब आहेत, त्याच उद्या वाईन कंपन्यांनाही लागणार आहेत.

मग करता काय येईल?

पहिलं, जीआय टॅग भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नाही. नाशिकची द्राक्षं, लासलगावचा कांदा, नाशिक व्हॅली वाईन, तिन्हींकडे मानांकन आहे. पण ते नाव पाकिटावर वापरायचं तर शेतकऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ही नोंदणी गावागावात झाली, तरच नावाचे पैसे शेतापर्यंत येतील.

दुसरं, राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलंय. वाईनच्या रस्त्यावरच्या शेतकऱ्यानं दोन खोल्या काढल्या, जेवण दिलं, बाग दाखवली, तर करारातल्या आठ टक्क्यांपलीकडचं उत्पन्न सुरू होतं. वायनरीनं पाहुण्याला आपल्याच करार शेतकऱ्याच्या बागेत पाठवलं, तर तिचं काही जात नाही, गोष्ट मात्र खरी होते.

तिसरं, सिंहस्थ. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा आहे. प्रचंड संख्येनं भाविक येतील आणि त्यातले बहुतेक वाईनच्या वाटेलाही जाणार नाहीत. पण ते उपवास करतील, म्हणजे भगर लागेल आणि भगर म्हणजे पेठ-सुरगाण्यात पिकणारी वरई. त्यांना प्रसादाला बेदाणा लागेल, न्यायला चिवडा लागेल. हा माल बचत गटांकडून आणि शेतकरी कंपन्यांकडून घ्यायचा की थेट परराज्यातल्या ठोक व्यापाऱ्याकडून, हे आत्ताच ठरवावं लागेल. मेळा सुरू झाल्यावर वेळ गेलेली असेल.

आणि तुम्ही नाशिकला गेलात तर?

जानेवारी ते मार्च ही द्राक्षकाढणीची वेळ, बागा तेव्हाच पाहण्यासारख्या असतात. टेस्टिंगला बसलात, तर एक प्रश्न नक्की विचारा, ‘ही द्राक्षं कुठल्या गावची?’ उत्तर आलं तर छान. नाही आलं, तरी पुढच्या वेळी कुणीतरी ते शोधून ठेवेल. परतीच्या वाटेवर शेताच्या बांधावरून द्राक्षं घ्या, पण आधी न विचारता बागेत शिरू नका. फोटोसाठी तोडलेला एक घड म्हणजे कुणाचीतरी वर्षाची मेहनत असते. त्र्यंबकेश्वर-पेठच्या बाजूला बचत गटाचा स्टॉल दिसला, तर नागलीचे पापड आणि भगर घ्या. आणि प्यायला असाल तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. नाशिकचे घाट आणि हायवे कॅप्शनपेक्षा जास्त गंभीर आहेत.

वाईननं नाशिकला जगाच्या नकाशावर नाव मिळवून दिलं, यात शंका नाही. पण ते नाव एकट्या वाईनचं नाही. त्यात निफाडच्या मांडवातलं थॉमसन आहे, लासलगावचा कांदा आहे, सुरगाण्याच्या उतारावरची नागली आहे. पुढच्या वेळी ती रील समोर आली, की ग्लासामागच्या वेलींकडे जरा नीट बघा. त्या कुणाच्या आहेत आणि त्याला किलोला किती मिळाले, हे एकदा विचारायला काहीच हरकत नाही.